भटारखान्यातली चिठ्ठी

काय दोस्तांनो, फोटो लहान करायचा प्रोग्राम चालवून पाहिलात? बटण दाबलं की खिडकी पांढरीफटक आणि वर 'नॉट रिस्पाँडिंग'ची पाटी, हो ना? होणारच! हॉटेलात गल्ल्यावरचे शेठ स्वतःच आत जाऊन डोसे घालायला लागले, तर बाहेर गिऱ्हाइकांकडे बघणार कोण? खिडकी रंगवणं, माउसचं ऐकणं ही कामं एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, करत असतो. त्यालाच तुम्ही हजार फोटोंना जुंपलंत.

तेव्हा जड काम भटारखान्यात पाठवायचं. सी शार्पमध्ये २००५ सालापासून 'बॅकग्राउंडवर्कर' नावाचा आचारी मिळतो. 'रनवर्करअसिंक' म्हणून त्याला हाक मारायची आणि हातात एक चिठ्ठी द्यायची. एकच बरं का! फोटोंची यादी आणि हवा तो आकार असं दोन्ही सांगायचं असेल, तर दोन्ही मावतील असा एक छोटा क्लास करा आणि तोच पाठवा. आत 'डूवर्क'मध्ये ती चिठ्ठी 'आर्ग्युमेंट' या नावाने मिळते. तयार माल 'रिझल्ट'मध्ये ठेवायचा. "चाळीस टक्के झालं हो" हे ओरडून सांगायला 'रिपोर्टप्रोग्रेस' आहे; त्याआधी 'वर्कररिपोर्ट्सप्रोग्रेस' ट्रू करायला विसरलात, तर प्रोग्राम रुसलाच म्हणून समजा.

आचाऱ्याने मात्र बाहेर येऊन टेबलावर वाढायचं नाही. 'डूवर्क'मधून लेबलला, लिस्टबॉक्सला हात लावायचा नाही. ते काम 'प्रोग्रेसचेंज्ड' आणि 'रनवर्करकम्प्लीटेड'मध्ये करा, कारण ती दोन्ही बाहेरच्या धाग्यावर चालतात.

एवढं सगळं पाळूनही मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय. आजोबांच्या अल्बममधले फोटो स्कॅन करून ठेवले होते. मी प्रोग्राम लिहिला, यादी आचाऱ्याला दिली आणि चहा प्यायला गेलो. तेवढ्यात धाकटी बहीण आली. तिने खिडकीतल्या यादीतून वरचा एक हललेला फोटो काढून टाकला. शेवटी पाटी आली, 'काम पूर्ण'. मी खुशाल मूळ फाइली पुसल्या. आणि रात्री आजी विचारते, "माझ्या लग्नातला पंगतीचा फोटो कुठाय रे?"

झालं काय होतं? चिठ्ठीतून यादी गेलीच नव्हती. यादी कुठे आहे, तो पत्ता गेला होता. यादी एकच, वापरणारे दोघं! आचारी ४० व्या फोटोवर असताना वरचा ५ वा निघाला, की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. ४१ वा येतो ४० व्या जागी, आणि आचारी तर पुढे ४१ व्या जागेवर जातो. मधला फोटो सुटला! पंगतीचा नेमका तोच. कागदी अल्बम आत्याकडे नागपूरला होता, म्हणून वाचलो. पण तो येईपर्यंत आजीसमोर जेवायला बसणं कठीण झालं होतं.

आता मी पाठवण्याआधी यादीची नक्कल करतो, 'न्यू लिस्ट' लिहून कंसात जुनी यादी. एका ओळीचं काम. आणि 'रिझल्ट'मध्ये नुसतं 'झालं' न ठेवता, खरोखर झालेल्या फाइलींची नावं परत मागवतो. पाठवलेली आणि आलेली नावं जुळल्याशिवाय काहीही पुसायचं नाही. आणखी एक, 'रिझल्ट' उघडण्याआधी 'एरर' रिकामा आहे ना ते बघा. आत काही करपलं असेल, तर त्याचा धूर तिथेच दिसतो.

तुमच्यातले मोठे म्हणतील, आता 'असिंक-अवेट' आहे की! आहे, २०१२ पासून आहे, लिहायला सुटसुटीतही आहे. पण यादी दोघांच्या हातात राहिली, तर पंगतीचा फोटो तिथेही सुटेल.

आता कोडं. यादीत फाइलींच्या नावांऐवजी 'फोटो' क्लासचे ऑब्जेक्ट असतील, आणि बहिणीने यादी न छेडता एका फोटोचं शीर्षक बदललं, तर नक्कल केलेल्या यादीत कोणतं शीर्षक दिसेल, जुनं की नवं? आधी कागदावर लिहा, मगच प्रोग्राम चालवा. उत्तर पुढच्या अंकात!