परक्या मुलखातली पहिली टेकडी

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर घराबाहेर पडले, ते कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळवण्यासाठी. मजल दरमजल करीत ते उत्तरेत पोहोचले आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला.

आज बदलीमुळे वा सहलीला झाशीत येणाऱ्या मराठी कुटुंबावर असा प्रसंग येत नाही. रविवारी मुलांना घेऊन एखादी टेकडी चढावी, एवढीच हौस असते. मात्र मुलूख तितकाच अनोळखी असतो. ‘सिंहगड कितीदा चढलो, ही टेकडी काय अवघड!’ असे म्हणणारेच बहुधा फसतात.

सह्याद्री काळ्या बसाल्टचा, तर बुंदेलखंड ग्रॅनाइटचा. इथे उंची कमी, पण गोल गुळगुळीत धोंडे आणि त्यांवर पसरलेली भरड रेती. पाय घसरतो तो चढताना नव्हे, उतरताना. आपल्याकडे गडावर पाण्याची टाकी असतात. इथे पाणी पायथ्याच्या तलावात, वर खडखडाट. त्यातच तापलेला खडक खालूनही भाजतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने योग्य. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुके असेल, तर ते विरल्यावरच निघावे.

सुरुवात घराजवळून करावी. पहिल्या रविवारी झाशीचा किल्लाच पाहावा. ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये तो बांगरा टेकडीवर बांधला आणि पुढे मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी वाढवला. तटावरून भोवतालचा मुलूख नजरेखाली घालावा. दुसऱ्या खेपेस ओरछा गाठावे. बेटवा आणि जामनी या नद्यांमधल्या अभयारण्यात सपाट वाटेवर दोन तास चालले की कोणाचा बूट चावतो, कोणाला धाप लागते, हे कळते. त्यानंतरच गढकुंडारसारखा टेकडीवरचा किल्ला. हा गड लांबून दिसतो आणि जवळ गेले की लपतो, असे लोक सांगतात. म्हणून नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. पायथ्याच्या गावात ‘भैया, रास्ता किधर से है? पानी कहाँ मिलेगा?’ एवढे विचारण्यात कमीपणा नाही. मोबाइलवरचा नकाशा असला तरी वाट बुजली आहे का, हे गावकरीच सांगू शकतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम असा : पाच किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. मुले, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यात निम्मी भर घालावी. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर धरावे; चौघांना चार तासांसाठी आठ लिटर. शिवाय टोपी, शिट्टी, विजेरी, गूळ-शेंगदाणे आणि मिठाची पुडी. कोठे जातो, केव्हा परततो, हे शेजाऱ्यांना सांगून निघावे.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट घरीच ठरवावी : परतण्याची वेळ. ती झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो ‘थकला’ असे समजू नये. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

माथा कोठे पळून जात नाही. विष्णुभटांना झाशीत सर्वस्व लुटले जाण्याची भीती होती, तरी ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईला सुखरूप परतले. म्हणून तर त्यांचा प्रवास आपल्याला वाचायला मिळाला!