दऱ्या, दर्या आणि जुना संगणक

विंडोज एक्सपी ही संगणकप्रणाली २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या निर्मात्या कंपनीने तिची देखभाल थांबवली. तिच्या आधीच्या विंडोज ९८ची देखभाल जुलै २००६ मध्येच थांबली होती. असे असूनही या जुन्या प्रणाल्या ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात, हा वाद काही संपत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चीही नियमित मुदत संपली आणि तो पुन्हा पेटला. या वादात एक पक्ष जुन्याचा भक्त असतो, दुसरा नव्याचा प्रचारक असतो. ज्याचे खरोखर काही पणाला लागले आहे असा तिसरा पक्ष, म्हणजे मराठी साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी, मात्र या वादाच्या आसपासही फिरकत नाही. आमचा आक्षेप तिघांवरही आहे. पण सर्वांत मोठा आक्षेप या तिसऱ्या पक्षावर आहे, म्हणून तो येथे नोंदवतो आहोत.

आम्ही पिंपळे गुरवमधले काही जण रविवारी एकत्र बसून जुने संगणक दुरुस्त करतो. आमच्यातले कोणी महाविद्यालयात मराठी शिकवतात, कोणी भोसरीच्या कारखान्यांत यंत्रे सांभाळतात, कोणी हिंजवडीला नोकरीसाठी जातात. पवनेकाठच्या या उपनगरात या तिन्ही प्रकारची माणसे एकाच इमारतीत राहत असल्यामुळे हा योग जुळून आला. दुरुस्तीचे काम तसे रूक्ष असते. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते आणि यंत्र दर वेळी कित्येक वर्षे मागची तारीख दाखवते. फुगलेले कपॅसिटर बदलावे लागतात. जुनी हार्ड डिस्क नव्या यंत्राला जोडली की एक्सपी सुरू होता होता निळा पडदा दाखवून कोसळते; कारण नव्या पद्धतीच्या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हरच तिच्याजवळ नसतो. बायोसमध्ये जाऊन तो नियंत्रक जुन्या आयडीई रीतीवर आणला की पुष्कळदा ती मुकाट्याने उठून बसते. यात आनंद आहे, हे आम्ही नाकारत नाही.

पण नेमका येथेच जुन्याच्या भक्तांशी आमचा मतभेद सुरू होतो. प्रणाली सुरू झाली, परिचित सुरावट वाजली, हिरव्या टेकडीवर निळे आभाळ दिसले की त्यांचे समाधान होते. त्या डिस्कवर काय लिहिलेले आहे, हे पाहण्याची उत्सुकता त्यांच्यापैकी फारच थोड्यांना असते. पोथीची पूजा करायची पण ती सोडायची नाही, या आपल्याकडच्या जुन्या रीतीचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

नव्याचे प्रचारक म्हणतात : आता सर्वत्र युनिकोड आहे, जुन्या फाईली परिवर्तकात टाकाव्यात, कळ दाबावी आणि जुना संगणक भंगारात द्यावा. हे म्हणणे दिसायला व्यवहारी आहे. पण ते अज्ञानावर आधारलेले आहे आणि म्हणून ते जास्त घातक आहे. ते का, हे समजण्यासाठी थोड्या तांत्रिक तपशिलात शिरणे भाग आहे.

१९९०च्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठी पुस्तकांची, दिवाळी अंकांची आणि नियतकालिकांची अक्षरजुळणी प्रामुख्याने ज्या साधनांवर झाली, त्यांतली श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावे आजही कोणत्याही डीटीपीवाल्याच्या तोंडी आहेत. सुरेख, योगेश, शिवाजी, किरण असे त्या काळचे फॉन्ट. या पद्धतीत संगणकाच्या स्मरणात 'क' हे अक्षर साठवले जात नसे. साठवला जाई तो रोमन अक्षरासाठी राखलेला एक क्रमांक, आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी 'क'चे किंवा त्याच्या एखाद्या तुकड्याचे चित्र दाखवी. जागा जेमतेम २५६. देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, लहानमोठ्या वेलांट्या त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे प्रत्येक फॉन्टकर्त्याने आपापली सोय पाहिली. एका फॉन्टमधला क्रमांक दुसऱ्यात भलत्याच अक्षराचे चित्र दाखवतो, तो यामुळेच. शिवाय क्रम उच्चाराचा नव्हे, दिसण्याचा. 'किरण' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आधी साठवलेली, 'क' नंतर. 'अर्थ' या शब्दात 'थ' आधी, रफार मागाहून. म्हणजे फाईलमध्ये मराठी मजकूर नाहीच. आहे ती मराठीसारखी दिसणारी आकृत्यांची रांग, आणि ती मराठी म्हणून वाचू शकणारा एकमेव वाचक म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट, ते विशिष्ट सॉफ्टवेअर आणि ते चालवणारी ती जुनी प्रणाली.

येथे एक विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याहून जुन्या डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवून जे मराठी लिहिले गेले, ते इस्की या संकेतानुसार साठवले जात होते. त्यात अक्षराला अक्षर म्हणूनच स्थान होते. भारतीय मानक म्हणून या संकेताला १९९१ मध्ये मान्यता मिळाली, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणजे आधीची पिढी भाषेच्या अधिक जवळ होती आणि नंतरच्या पिढीने सुबक दिसण्यासाठी भाषा सोडून दिली. जे नवे ते पुढचे, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता परिवर्तकाकडे वळू. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' नमस्कार करतात, 'आचाऱ्यास' स्वयंपाक सांगतात. हा अर्धा 'र' हे मराठीचे वैशिष्ट्य. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या साधनांना त्याची पर्वा असण्याचे कारण नाही. परिवर्तकाने त्याचा रफार केला की डोंगरातून चालणारा माणूस समुद्रात बुडतो आणि संगणकाला त्यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. युनिकोडमध्येही हा 'र' दोन रीतींनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोध घेतला तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधी ते 'अ'वर चंद्र चढवून साधले जाई. एकाच शब्दाच्या अशा दोन-दोन संहिता आपल्या महाजालावर सुखाने नांदत आहेत. नव्याच्या प्रचारकांना हे ठाऊक नसते. कारण ते वाचत नाहीत, केवळ रूपांतर करतात.

एक उदाहरण देतो. भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कामगाराने आत्मकथन लिहिले होते. पुस्तक छापले गेले. मग प्रती संपल्या. लेखक पुढेही त्यात भर घालत राहिला आणि ती भर जुळणी करणाऱ्याच्या संगणकावर उतरत राहिली. लेखक वारला. कुटुंबीयांनी एका दुकानातून फाईली 'युनिकोड करून' आणल्या आणि नंतर संगणकासह आमच्याकडे आले. त्या रविवारी मोठाच वाद झाला. एकाचे म्हणणे, डिस्क काढून लिनक्सला जोडावी आणि फाईली उचलाव्यात. प्रणालीची गरजच काय? दुसऱ्याचे म्हणणे, आभासी यंत्रात विंडोज ९८ चालवावी. तिसऱ्याने निदर्शनास आणले की जुळणीचे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात बसणाऱ्या कुलपावाचून उघडत नाही आणि आभासी यंत्राला ते कुलूप दिसत नाही. चौथा म्हणाला, छापील पुस्तक स्कॅन करावे आणि हा व्याप सोडावा. अखेर डिस्कची बिट-बिट प्रत आधी काढून ठेवली, मूळ यंत्र दुरुस्त केले, कुलूप लावले आणि फाईल तिच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये कागदावर छापली.

त्या कागदाशी दुकानातली संहिता ताडून पाहिली, तेव्हा वादाचा निकाल आपोआप लागला. छापील पुस्तकात नसलेली दोन प्रकरणे फाईलमध्ये होती. म्हणजे स्कॅन करून ती कधीच मिळाली नसती. दुकानातल्या संहितेत ती होती, पण तिथे 'व्हतं'चे 'होतं' झाले होते, 'म्या'चे 'मी' झाले होते. परिवर्तनानंतर कोणीतरी शुद्धलेखन तपासणारे साधन सढळ हाताने फिरवले होते. ज्या भाषेसाठी दलित आणि ग्रामीण साहित्याने प्रस्थापितांशी दीर्घ झगडा केला, ती भाषा एका कळीच्या दाबाने, कोणाच्याही मनात द्वेष नसताना, पुसली गेली होती. तो जुना संगणक आदल्या आठवड्यात भंगारात गेला असता, तर हे सिद्ध करण्याचे साधनही उरले नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की जुनी प्रणाली हा देव्हाऱ्यातला देव नव्हे आणि भंगारही नव्हे. ती साक्षीदार आहे. साक्ष नोंदवून होईपर्यंत साक्षीदार जिवंत ठेवायचा असतो. हे आमच्या परिसरातल्या लहान कारखानदारांना कळते. एखादा जुना सीएनसी लेथ ज्या संगणकावरून सीरियल केबलने आज्ञा घेतो, तो संगणक कारखानदार प्रेमापोटी ठेवत नाही. त्याच्याविना कोणते काम अडेल हे त्याला माहीत असते. तो जाणता असेल तर त्या डिस्कची दुसरी प्रत कपाटात ठेवतो आणि संगणकाला महाजालाचा वारा लागू देत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा अशा सावधगिरीचे मोल पुष्कळांना कळले. लेथचालकाला जे कळते ते मराठी विभागाला का कळू नये?

आणि आता तिसऱ्या पक्षाविषयी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, हे अभिमानाने सांगतो. पाठभेद, प्रक्षेप, लेखनिकाचे प्रमाद या संज्ञा परीक्षेत विचारतो. मोडी वाचणारे संपत चालले म्हणून हळहळतो; पण मोडी कागद निदान डोळ्यांना दिसतो आणि शिकणाऱ्याला पुन्हा शिकता येतो. ज्या फाईलचा फॉन्ट हरवला आणि प्रणाली बंद पडली, तिच्याविषयी हळहळायलाही जागा उरत नाही. तरीही आपल्याच काळातल्या लेखनाच्या संहितेचा प्रश्न आला की 'ते संगणकवाल्यांचे काम' असे म्हणून आपण मोकळे होतो. हस्तलिखितावरची वाळवी विद्वत्तेचा विषय आणि डिस्कवरचा बिघाड कारकुनीचा, ही उतरंड कोणी ठरवली? तिच्यामागे विद्वत्ता नसून हाताने करायच्या कामाविषयीचा आपला जुनाच तिटकारा आहे, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, छापील पुस्तक आहे ना, मग फाईलचा एवढा आग्रह कशासाठी? जे छापले गेले तेवढेच साहित्य, असे मानणाऱ्याने पाठचिकित्सेचे नाव घेऊ नये. संपादकाने काय गाळले, लेखकाने नंतर काय बदलले, १९६२च्या लेखननियमांपूर्वीचे अनुस्वार पुनर्मुद्रणात कोणाच्या निर्णयाने गेले, याचे पुरावे या फाईलींत आहेत. आणि अल्पायुषी नियतकालिकांच्या प्रती तरी कुठल्या ग्रंथालयात पूर्ण मिळतात?

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. लेखकाचा किंवा प्रकाशकाचा जुना संगणक हाती आला, तर आधी संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. फॉन्टची फाईल मजकुराबरोबरच जतन करावी. जुन्या यंत्रावरून एकदा तरी कागदावर छापून ती प्रत साक्षीची प्रत मानावी. युनिकोडमधली संहिता तिच्याशी शब्दशः ताडावी. मूळ फाईल कधीही पुसू नये. आणि नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत संहिता कोणत्या फॉन्टमधून आली व काय दुरुस्त केले, ते लिहावे. मराठीच्या एम.ए.ला पाठचिकित्सेच्या घटकात हे काम प्रत्यक्ष करून घ्यावे. एवढे झाल्यावर जुना संगणक खुशाल मोडीत काढावा. आम्हांला त्याची सुरावट ऐकण्याची हौस नाही. मात्र त्याआधी तो भंगारवाल्याला देणाऱ्या प्रत्येक मराठी विभागाने, प्रकाशकाने आणि लेखकाच्या वारसाने एक प्रश्न स्वतःला विचारावा : यातले मराठी आपण वाचले आहे काय?