निदान खारघरला, रुग्ण पोलादपूरला

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे दक्षिण टोक. टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संस्था जेथे आहे, ते खारघरही याच जिल्ह्यात, पण शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला. रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे ल्युकेमियाच्या निदानात हे अंतर निर्णायक ठरू शकते.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या 'ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया'तून योग्य उपचारांनी बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र औषधे किती तीव्र द्यायची, हे ठरवताना रोगट पेशींतील गुणसूत्रांची संख्या पाहावी लागते. निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. ती ५०हून अधिक झाली असतील, तर रोग सहसा औषधांना दाद देतो. ४४हून कमी असतील, तर तो चिवट ठरतो.

गुणसूत्रे वाढली की डीएनएही वाढतो. डीएनएला चिकटणारे रंगद्रव्य मिसळून पेशी एकेक करून लेसरसमोरून नेल्या, की प्रकाशाच्या तीव्रतेवरून डीएनएचे प्रमाण कळते. निरोगी पेशीचे माप १ धरले, तर १.१६ वा त्याहून अधिक आकडा आशादायक मानतात. गुणसूत्रे प्रत्यक्ष मोजण्यासाठी पेशींचे विभाजन व्हावे लागते. त्यात दिवस जातात आणि कधी ते होतही नाही. फ्लो सायटोमेट्रीचे हे माप काही तासांत मिळते.

अर्थात, या मापालाही मर्यादा आहेत. 'फिलाडेल्फिया' गुणसूत्रात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. डीएनएचे वजन जवळपास तेवढेच राहिल्याने हा घातक बदल येथे निसटतो. कमी गुणसूत्रांचा संच दुप्पट झाला, तर चिवट रोगही सौम्य भासू शकतो. त्यामुळे इतर जनुकीय चाचण्या टाळता येत नाहीत.

या चाचणीसाठी नमुना ताजा लागतो. जुलै २०२१च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा दिवसांत रुग्ण काय आणि नमुना काय, दोन्ही अडकून पडतात. त्याआधीचा अडथळा ओळखण्याचा आहे. न हटणारा ताप, फिकटपणा, अंगावरचे निळसर डाग, हाडांचे दुखणे यांवर नुसत्या तापाच्या गोळ्या दिल्या गेल्या, तर मोलाचे आठवडे वाया जातात.

प्रत्येक तालुक्यात लेसरयंत्र बसविणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. रक्तपेशींची मोजणी, काचपट्टीवरील रक्ताची जाणत्या नजरेने तपासणी आणि संशय येताच रुग्णाला वा नमुन्याला वेळेत पुढे पाठविण्याची ठरलेली व्यवस्था, एवढे तरी तालुक्याला मिळाले पाहिजे. पहिली काचपट्टीच पाहिली गेली नाही, तर खारघरच्या अचूक मापाचा पोलादपूरच्या मुलाला उपयोग काय?