आवडलं नाही, सबब परत

'ग्राहक हा देव आहे' हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा पाटीवर रंगवून घेतलं, त्यानं उभ्या जन्मात स्वतः काही विकलेलं नसावं. विकलं असतं तर त्याला कळलं असतं, की देवाला नैवेद्य दाखवला तर देव तो मुकाट्यानं आहे तसा परत करतो. ग्राहक अर्धा खाऊन परत करतो आणि वर लिहितो, "मीठ कमी आहे."

माझं या देवाशी भांडण आहे. वैयक्तिक नव्हे, तात्त्विक. म्हणजे पैसे थोडे गेलेत आणि राग पुष्कळ आलाय.

आमचं तेरखेडा हे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचं गाव. नाव फटाक्यांचं. तेरखेडी तोफांचा आवाज ज्यानं ऐकलाय, त्याला गावाचा पत्ता सांगावा लागत नाही. या धंद्यात माणसांनी जीव गमावलेत, तेव्हा थट्टा बेतानंच केली पाहिजे. पण एक गोष्ट खरी, की गिऱ्हाइकाच्या तक्रारींच्या बाबतीत फटाक्यांइतका तंटामुक्त धंदा दुसरा नाही. जो फुटला तो परत करता येत नाही, आणि जो फुटला नाही तो हातात धरून दुकानापर्यंत आणायची कुणाची छाती होत नाही!

पण नेमका हाच माल मोबाईलवरून विकता येत नाही. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं संकेतस्थळांवरून फटाके विकायला मनाई केली, आणि ते योग्यच केलं. टपालवाल्याच्या पिशवीत आमची तोफ असावी असं त्या टपालवाल्यालाही वाटणार नाही. तेव्हा आमच्या गल्लीतून मोबाईलवर विकलं जातं ते बाकीचं सगळं. जुने पंखे, पलंग, बंब, नव्या साड्या, शेंगांची चटणी. आणि यांचे तंटे मात्र तोफांच्या वरताण आवाजाचे.

माझ्यापुरतं सांगतो. मी वडिलांच्या वेळचा तांब्याचा बंब विकायला काढला. चाळीस वर्षं वर्गात 'खरे बोलावे' हे फळ्यावर लिहिलेलं असल्यामुळे जाहिरातही तशीच लिहिली: "बंब जुना आहे. तळाला एक ठिकाणी डाग दिलेला आहे. झाकणाची मूठ मूळची नाही. तोटी गळते." सौ.नं ती वाचली आणि म्हणाली, "अहो, ही बंबाची जाहिरात आहे की बंबाचा मृत्युलेख?"

तरीही पुण्याच्या एका गृहस्थांनी बंब घेतला. चौथ्या दिवशी निरोप आला, "तोटी गळते."

मी कळवलं, "गळते असं लिहिलं आहे."

ते म्हणाले, "इतकी गळते असं लिहिलं नव्हतं."

आता तोटी ताशी किती थेंब गळते, हे मोजून लिहिण्याइतका काही मी पाटबंधारे खात्यात नव्हतो. मी जाहिरातीतली ती ओळ अधोरेखित करून पाठवली. त्यावर उत्तर आलं, "आम्ही फोटो बघून घेतला हो. वाचत कोण बसतं?" आणि त्यापुढे मागणी: पाचशे रुपये परत करा.

वाचकहो, इथं विकणारा माणूस दोन रीतींनी वागतो. एकतर चिडून असं काही लिहितो, की पुढं ते पुरावा म्हणून त्याच्याच विरुद्ध दाखवलं जातं. नाहीतर घाबरून पाचशे देऊन टाकतो. मी तिसरी रीत काढली. लिहिलं, "बंब आपल्या खर्चानं परत पाठवा. मिळाल्याबरोबर सगळेच्या सगळे पैसे परत करतो." खरी तक्रार असलेला माणूस या वाक्यानं सुखावतो, नुसती घासाघीस करणारा गप्प बसतो. बंब अजून पुण्यातच आहे. गळत असेल.

ही झाली जुन्या मालाची गोष्ट, आणि तिला थोडा हसण्याजोगा शेवट तरी आहे. नव्या मालाची गोष्ट ऐका.

आमच्या शेजारच्या नानांची सून सोलापूरहून इरकली साड्या आणते, फॉल लावते, अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकून फोटो काढते, म्हणजे रंग आहे तसा दिसावा. मग एका मोबाईलमधल्या दुकानावर विकते. (दुकानाचं नाव सांगत नाही, आणि सांगून फरक काय पडणार?) एका साडीमागं सुटतात एकशेतीस रुपये. तिची एक साडी आठव्या दिवशी परत आली. कारण छापील: 'आवडलं नाही'. घडी उलगडली तर पदराला हळदीचं बोट, आणि निऱ्यांमधून तीन अक्षता खाली पडल्या. साडी लग्न लावून, जेवून, माहेरपणाला परत आली होती. फक्त तिची ओटी भरायची राहिली होती.

पोरीनं दुकानाकडे तक्रार केली. पलीकडून यंत्रानं उत्तर दिलं, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो." यंत्राला भावना समजतात, अक्षता समजत नाहीत! खोकं उघडतानाचं चित्रीकरण नाही, सबब पुरावा नाही, सबब दावा फेटाळला. जाण्यायेण्याचा खर्च तिच्या खात्यातून वळता झाला. वर त्या बाईंनी एक तारा देऊन शेरा मारला, "रंग वेगळा."

"गुरुजी, पैशाचं जाऊ द्या हो," ती मला म्हणाली. "पर 'रंग वेगळा' म्हणून लिवलंय तिनं. म्हंजे चारचौघांत मी खोटारडी झाले न्हाई का?"

माझं भांडण आहे ते इथं. एकशेतीस रुपयांचं नव्हे, त्या 'खोटारडी'चं. गावच्या पेठेत कुणी तिला असं म्हणालं असतं, तर चार माणसं मधे पडली असती, साडी उजेडात धरून पाहिली असती आणि अक्षता मोजल्या असत्या. मोबाईलच्या पेठेत माणसं नाहीत, नुसते तारे आहेत. आणि ते फक्त एकीकडून दुसरीकडे फेकता येतात.

लोक म्हणतात, कायदाच तसा आहे. माझी नोकरी शिकवण्यात गेली, तेव्हा कुणी 'कायदाच तसा आहे' म्हणालं की मी आधी कायदा वाचतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ई-वाणिज्याचे नियम आले. विकणाऱ्यानं माल परत घ्यायला कधी नकार देऊ नये, हे त्यात स्पष्ट दिलंय: माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल तर. एकूण एक कारण न्याय्य. पण 'आवडलं नाही' हे कारण मला चष्मा पुसूनही सापडलं नाही. ती मेहेरबानी दुकानांनी आपल्या मर्जीनं केलेली आहे, आणि केली आहे ती सूनबाईच्या खिशातून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं?

त्याच नियमांत असंही आहे, की कुणी धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या घरातलं काही विकत असेल, तर त्याला हे नियम लागू नाहीत. म्हणजे माझा बंब त्यातून सुटला. पण म्हणून मी मोकाट सुटलो असं नव्हे. १९३० सालचा मालविक्रीचा कायदा आहेच, आणि तो म्हणतो की वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. माझा होता. तोटी गळते म्हटलं होतं, तोटी गळली!

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, तुम्ही दुकानदारांचं वकीलपत्र घेतलंत." अजिबात नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी ज्यांनी पाहिली, त्यांतलाच मी. साखरेत रवा आणि तुपात डालडा निघायचा, आणि तक्रार केली तर दुकानदार आपल्याकडे असा पाहायचा, की आपणच भेसळ करून आणली असावी. म्हणून तर बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत उभी राहिली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहकाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आज ग्राहकाला १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो, आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीचं शुल्कही नाही. हे सगळं भांडून मिळवलेलं आहे, आणि ते राहिलंच पाहिजे.

पण सासूनं छळलं म्हणून सुनेनं पुढच्या सुनेला छळावं, हा काही न्याय नव्हे. ग्राहक चळवळीचं भांडण मुजोर दुकानदाराशी होतं. त्याची वसुली एकशेतीस रुपयांवर जगणाऱ्या पोरीकडून का? मुजोरी गल्ल्यामागून उठून गल्ल्यापुढं येऊन उभी राहिली, म्हणजे तिचं सौजन्य होत नाही. आणि खरा मुजोर तर दोघांच्या मधे बसलाय. तो दोन्हीकडून पैसे घेतो आणि दोघांनाही आपलं तोंड दाखवत नाही.

आमचा बैलबाजार पाहा. तिथं रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो. घेणारा दात पाहतो, बैल चालवून पाहतो, खोड विचारतो. विकणाऱ्यानं मारका बैल गरीब म्हणून गळ्यात बांधला, तर पुढच्या बाजारी त्याच्या दावणीकडे कुणी फिरकत नाही. आणि घेणाऱ्यानं महिनाभर नांगरट करून बैल 'आवडला नाही' म्हणून परत आणला, तर त्यालाही पुन्हा कुणी बैल देत नाही. मधला दलाल दोघांना ओळखतो, आणि दोघांच्या शिव्या समोरासमोर खातो. मोबाईलच्या बाजारानं रुमाल ठेवला, दलाली ठेवली. शिव्या खाणारा माणूस तेवढा काढून टाकला.

याखेरीज एक तिसऱ्या जातीचं गिऱ्हाईक असतं. हा देवही नव्हे आणि माणूसही नव्हे, भुताटकी आहे. मी पंखा विकायला काढला तेव्हा हा दहा मिनिटांत उगवला. पंखा बघायला नको, चालतो का हे विचारायला नको, भाव सांगाल तो कबूल! घासाघीस न करणारं गिऱ्हाईक दिसलं, की मराठी माणसानं ताबडतोब सावध व्हावं. त्यानं एक चौकोनी चित्र पाठवलं आणि म्हणाला, "अंकल, स्कॅन करके पिन डालिये, पैसा आ जायेगा." मी म्हटलं, "बाबा रे, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागते ती द्यायला." तो तत्काळ अंतर्धान पावला. अशा भुताटकीनं कुणाला गाठलंच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. योगायोग पाहा, मालविक्रीचा कायदाही त्याच आकड्याचा.

तर माझ्या मागण्या मोजून चार आहेत. 'सदोष' आणि 'आवडलं नाही' यांना एका मापानं मोजू नका. न आवडल्याचा जाण्यायेण्याचा खर्च ज्याची आवड त्यानं द्यावा. तारे दोन्हीकडून असू द्या. आठ साड्या नेसून आठही परत करणारी व्यक्ती कोण, हे नवव्या विक्रेत्याला कळू द्या. शेरा लिहिणाऱ्याच्या खाली विकणाऱ्याचं उत्तर तितक्याच ठळक अक्षरात छापा. आणि तंटा झाला तर यंत्राऐवजी एक हाडामांसाचा माणूस मधे बसवा, ज्याला अक्षता म्हणजे काय ते ठाऊक आहे.

तोवर विकणाऱ्यांनी आपलं कुंपण आपण घालावं. दोष आधी लिहावेत आणि 'नव्यासारखा' हा शब्द टाकावा. नव्यासारखं फक्त नवंच असतं. बोलणं फोनवर न करता लेखी ठेवावं. खोकं बांधताना आणि परत आलेलं उघडताना चित्रीकरण करावं. सूनबाई आता तेच करते. नाना मोबाईल धरतात, ती चिकटपट्टी कापते, आणि सगळं घर श्वास रोखून बघतं. साधी साडीची घडी उघडायची, तर पंचनामा केल्यासारखी उघडावी लागते. विश्वासाचा धंदा होता तो असा पुराव्याचा झाला, हे काही मला बरं वाटत नाही.

ग्राहकाला देव म्हणायला आमची अजूनही ना नाही. त्यानं फक्त आम्हाला माणूस म्हणावं. आणि 'आवडलं नाही' या कारणावर बोट ठेवण्यापूर्वी निदान निऱ्यांमधल्या अक्षता तरी झटकून घ्याव्यात.