‘एका मिनिटाचं काम आहे’ म्हणण्याआधी

घरात काही मोडलं की आपल्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं. ‘त्यात काय, एका मिनिटाचं काम आहे!’ मग चप्पल घालायचा कंटाळा येतो. वीज बंद करायचा कंटाळा येतो. प्लॅस्टिकची खुर्ची ओढायची, तिच्यावर चढायचं आणि ड्रिल सुरू.

मीही असंच केलं होतं. दिवाळीच्या तोंडावर एक फोटो लावायचा होता. विजेच्या बोर्डाच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर भोक पाडायला घेतलं. फट्‌ आवाज झाला आणि घरात अंधार. ड्रिलचं टोक वायरीत घुसलं होतं. मी वाचलो. पण वायरमन, भिंतीची खोदाई, पुन्हा रंग, असं ते एका मिनिटाचं काम चार दिवस पुरलं.

म्हणून घरची कामं घरी करूच नका, असं नाही. जरूर करा. फक्त थोडी तयारी करून करा.

आधी हत्यारं. एकदम मोठा संच आणू नका. एक पक्कड, एक हातोडी, चपटा आणि स्टार असे दोन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, पाना आणि मोजायची टेप. एवढ्यात घरातली बरीच कामं निघतात. दुकानात हातोडी हातात घेऊन झटका देऊन पाहा. डोकं जराही हललं तर ती नको. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत गच्च बसायला हवं. सैल टोक खाच खातं, निसटतं आणि तळहातात घुसतं. रोज लागत नाही ते यंत्र भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणा.

आता भिंतीला भोक पाडायचं आहे असं समजा.

बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडव्या बाजूला भोक पाडू नका. वायरी बहुधा अशाच सरळ जातात. नळाच्या वर-खालीही तेच. तिथे भिंतीत पाइप असतो.

त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, बंद करा. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनने आणा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पाहा. तो पेटतो याची खात्री झाली, की मगच बंद केलेल्या जागी लावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही. त्याच्या भरवशावर वायरीला हात लावू नका.

भिंतीसाठी भिंतीचंच बिट लावा. स्क्रू धरायला भोकात बसवतो त्या 6 मिलिमीटरच्या प्लगला 6 मिलिमीटरचं बिट. प्लगच्या लांबीएवढ्या अंतरावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे किती खोल गेलो ते कळतं. भोकाखाली एक जुनं पाकीट उघडं चिकटवा. सगळी भुकटी त्यात पडते आणि झाडू मारायचं काम वाचतं.

त्या भुकटीवर लक्ष ठेवा. आधी करडी येते, ते प्लास्टर. मग लाल आली की विटेत पोचलात. भुकटी ओली आली, धातूचा चुरा दिसला किंवा बिट अचानक अडलं, तर तिथेच थांबा. जोर लावू नका. जागा बदला.

ड्रिल चालवताना सैल हातमोजे घालू नका. ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातली माळ आवरून घ्या. फिरतं बिट आधी कापड पकडतं आणि मग हात ओढतं. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच. नंबरचा नव्हे, बाजूने बंद असलेला.

चढायला शिडी घ्या आणि खाली एकाला धरायला उभं करा. विजेच्या कामाला अ‍ॅल्युमिनियमची शिडी नको.

आणखी एक सवय मोडा. यंत्राची पिन तुटली की उघड्या तारा प्लगच्या भोकांत खोचून वर आगकाडी ठोकायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. घरातली वीज 230 व्होल्टची आहे. काडी निसटली की ती जिवंत तार तुमच्या पायाशी पडते. नवी पिन बसवणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला शॉक बसताच वीज तोडणारा आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरचा. घरात तो नसेल तर वायरमनला सांगून बसवून घ्या. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली तर तो शाबूत आहे.

लोखंड, फरशी कापायच्या ग्राइंडरबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. त्याचं संरक्षक कव्हर काढू नका. चकतीवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी नको. चकतीच्या मधल्या कडीवर मुदतीची तारीख असते, तीही वाचा. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला कधीही लावू नका. ती लाकडात अडकते आणि यंत्र अंगावर उसळतं.

इतकं करूनही लागलं, तर घाबरू नका. खोल जखमेत हळद भरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा आणि दवाखाना गाठा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, काडीने काढू नका. पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुणाला शॉक बसत असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा, मग 108 ला फोन. मेन कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.

गॅसची नळी, मीटर, गीझरची वायरिंग आणि इमारतीचे खांब यांना स्वतः हात लावू नका. तिथे जाणकार माणूस बोलवा.

हत्यारांची देखभाल कधी करायची? आपल्याकडे खंडेनवमी आहेच. पूजेच्या आदल्या दिवशी सगळी हत्यारं बाहेर काढा. पावसाळ्याचा गंज घासा. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. सैल मुठी घट्ट करा, वायरी तपासा. मग फुलं वाहा.

आणि पुढच्या वेळी घरातून हाक आली की ‘एका मिनिटात करतो’ म्हणू नका. ‘अर्धा तास लागेल, तू शिडी धरायला ये’ असं म्हणा.