मुलांचा मोबाईल हिसकावू नका, तक्रार नोंदवा!

वस्तीतल्या पोरांच्या हाती मोबाईल आला, अभ्यासाचे एक नवे दार उघडले, याचा समाजाला आनंद झाला. पण त्याच मोबाईलवर आमची मुले काय सोसतात, हे आपण कधी विचारले आहे काय?

युनिसेफने २०१९ साली ३० देशांतील तरुणांना हा प्रश्न विचारला. तिघांपैकी एकाने आपला ऑनलाईन छळ झाल्याचे सांगितले. अशा छळापायी व हिंसेपायी शाळा बुडवल्याचे पाचांपैकी एकाने सांगितले. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरी २०२२ या संपूर्ण वर्षात बालकांविरुद्धचे सायबर गुन्हे किती? अवघे १,८२३! प्रत्येक छळ कायद्याने गुन्हा ठरत नाही, हे खरे. तरीही कोट्यवधी किशोरांच्या देशात हा आकडा छळ कमी असल्याचा नव्हे, मौनाचा पुरावा आहे. शिवाय त्यात जातीचा रकानाच नाही.

आमच्या मुलांचा छळ मात्र जात पाहूनच होतो. आडनाव कळताच वर्गाच्या ग्रुपवर 'कोट्यातला' म्हणून हिणवायचे, १४ एप्रिलच्या शुभेच्छांखाली बाबासाहेबांविषयी घाण लिहायची, मुलीचा फोटो विद्रूप करून फिरवायचा. याला पोरांची थट्टा म्हणायचे काय? घरात कळले की आपण काय करतो? मुलीचाच मोबाईल काढून घेतो, तिचेच कॉलेज बंद करतो. छळणारा मोकळा आणि शिक्षा आमच्या लेकीला!

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी लोकांना तळ्याकडे पाठ फिरवायला सांगितले नाही. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क ओंजळीने बजावला. आज इंटरनेट हाही सार्वजनिक पाणवठाच आहे. आपल्या मुलांना तिथून आपणच हाकलणार काय?

वकील म्हणून आम्ही सांगतो, कायदा दुबळा नाही. लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणे, जातीवाचक शिवी देणे हे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) व (एस) खाली गुन्हे आहेत. इंटरनेटवरील अवमानालाही हा कायदा लागू होतो, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारताना घेतली. महापुरुषांच्या अनादरासाठी कलम ३(१)(व्ही) आहे. दोघांतल्या खासगी मेसेजला ही 'लोकांसमक्ष'ची कलमे लागणे कठीण. पण लैंगिक हेतूने मुलाचा वारंवार ऑनलाईन पाठलाग केल्यास पॉक्सो कायदा आहेच. एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १८-अ सांगते. ठाण्यातून 'आधी चौकशी करतो' असे उत्तर आले, तर हे कलम पुढे ठेवा.

बौद्धांना हा कायदा लागत नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना तो दर्जा आहे. जातीचा दाखला तयार ठेवा. मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहा, मूळ मोबाईल जपा. मुलांचे अश्लील चित्र मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका. ते पसरवणे हाच गुन्हा आहे. घरी बोलता येत नसेल तर मुलांनी १०९८ वर फोन करावा.

छळणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. पोरांना तुरुंगात धाडणे हा आमचा हेतू नाही. ही जातीची शिकवण त्यांना कुठून मिळाली, हे उघड व्हावे एवढीच मागणी आहे.

म्हणून प्रत्येक बुद्धविहारात रविवारी एक तास यासाठी द्या. समाजातील वकिलांनी, शिक्षकांनी तिथे बसावे. मुलांना धाक नको, आधार द्या. बाबासाहेबांनी दिलेली लेखणी आमच्या पोरांच्या हाती आहे. तिने पहिली तक्रार लिहू द्या!

जयभीम!