शिळावर्तुळांतला धोंडा हलवू नका : एक जाहीर आवाहन

नागपूर, हिंगणा, काटोल परिसरातील शेतकरी, मुरमाचे ठेकेदार आणि ग्रामपंचायत सदस्य यांना ही विनंती आहे. माळावर मोठाल्या धोंड्यांची जी गोल रिंगणे दिसतात, ती सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळे आहेत. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथेही ती आहेत. त्यांचे मोल दगडात नाही, दगडाच्या जागेत आहे. माहुरझरीला माणसांच्या दफनात घोड्याचा सांगाडा आणि त्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज सापडला. तोच साज सुटा हाती आला असता तर जुना पत्रा म्हणून भंगारात गेला असता. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरले आहेत आणि असे धोंडे ठरावीक दिशांनाच दिसतात, असे काही अभ्यासक मांडतात. त्यावरून ऋतूंचा हिशेब निघतो का, याबद्दल मला शंकाच आहे. पण ती फिटायची तर धोंडा जागेवर हवा. बांधाला लावलेला धोंडा पुन्हा कुठे ठेवायचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

सगळे कधीच उकरून झाले, आता काय राखायचे, असे विचारले जाते. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये जुनापाणीला खोदकाम केले, तिथल्या लोखंडी वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, हे खरे. पण तेव्हा वस्तू गोळा करण्यावर भर होता. आज हाडांवरून आहार आणि मातीतल्या परागकणांवरून झाडोरा कळतो. न उकरलेली वर्तुळे म्हणूनच मोलाची. शेतकऱ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे : जमीन माझी, पोट माझे. पंधरा मीटर व्यासाच्या वर्तुळाखाली पावणेदोन गुंठे जातात. एवढे गवताला सोडता येतील. एकाच शिवारात पाच-सहा वर्तुळे असली तर नुकसान खरे आहे, आणि त्याची भरपाई शासनाने द्यावी, ही मागणी ग्रामसभेने जरूर करावी.

संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. मात्र यादीत नसलेल्या वर्तुळांना हे कवच नाही. म्हणून गट क्रमांक आणि छायाचित्रांसह त्यांची नोंद ग्रामसभेच्या ठरावात घ्या आणि प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. मुरमाचा परवाना देण्याआधी जागा पाहा. नांगराला मडके किंवा हाड लागले, तर तिथेच थांबा, खोल खणू नका आणि तहसीलदारांना कळवा.